सीनियर

मागच्या अप्रेझलमध्ये मी 'सीनियर' झालो. म्हणजे ई-मेलच्या सहीत नावाखाली 'सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर' असं लिहायची परवानगी मिळाली. पगारात फार फरक पडला नाही, कामात पडला (वाढलं). वय वर्षं २८. हिंजवडीत बसून घरी फोन लावला. घर म्हणजे नांदेड, पण त्या आठवड्यात आज्जी गावाकडून आलेली होती, त्यामुळे फोन फिरत फिरत तिच्याकडे गेला.

"आज्जी, मी सीनियर झालो."

"काय झालास?"

"सीनियर. म्हणजे वरची पोस्ट."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "आरं, ते तर मला व्हयाचं व्हतं की. मला न्हाई म्हनले अन् तुला केले व्हय?"

आणि स्वतःच खोखो हसत सुटली. मला जोक कळायला वेळ लागला. कळल्यावर मात्र तो डोक्यातून जाईना. मग दोन-तीन वीकएंड त्याच्यातच गेले. त्याचीच ही गोष्ट.

तर झालं होतं असं. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ७५ वर्षांपुढच्या लोकांना एसटीचा प्रवास फुकट केला. अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. ही बातमी आमच्या गावात (तालुका उदगीर, जिल्हा लातूर) पेपरच्या आधी पोचली. आज्जी दुसऱ्याच आठवड्यात पिशवी घेऊन माहेरी निघाली. कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं आणि सांगितलं, "आज्जी, तुमचं बहात्तरच आहे. हाफ तिकीट लागंल." कंडक्टरचं काही चुकलं नव्हतं. कार्डावर जन्मतारीख आहे ०१/०१/१९५०.

आता गंमत बघा. आज्जीची सगळ्यात जुनी आठवण रजाकारांची आहे. गावात आरडाओरडा झाला, तिच्या आईनं तिच्या कडेवर धाकटा भाऊ दिला आणि सगळ्या बायका-पोरी ज्वारीच्या फडात जाऊन बसल्या. भाऊ रडू नये म्हणून हिनं त्याच्या तोंडावर हात धरला होता. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून शंभर वेळा ऐकलीय. रजाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरलाच वकिली करायचा, त्यामुळे आमच्या भागात हा विषय पुस्तकातला नाही, घरातला आहे. भारतीय सैन्य १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. पोलीस ॲक्शन.

म्हणजे कागदानुसार आज्जीचा जन्म पोलीस ॲक्शननंतर सव्वा वर्षानं झाला. जन्माच्या आधीची गोष्ट तिला आठवते. आणि त्या गोष्टीत तिच्या कडेवर एक भाऊ आहे.

हा सरळसरळ डेटामधला बग आहे. आणि बग दिसला की आमच्या जमातीला झोप लागत नाही. पण त्याआधी तो शब्द, 'सीनियर'. एकाच घरातला २८ वर्षांचा नातू सीनियर होतो आणि ८० ची आजी होत नाही, असं करणारा हा शब्द आहे तरी काय?

लॅटिनमध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा आणि 'सीनियर' म्हणजे 'अधिक म्हातारा'. म्हणजे हे तुलनेचं रूप आहे, आकड्याचं नाही. कोणापेक्षा तरी सीनियर. रोममध्ये अशा म्हाताऱ्यांची सभा म्हणून 'सेनेट'. त्याच सेनेक्सवरून 'सेनाईल', म्हणजे म्हातारचळ लागलेला. एकाच मुळातून संसद पण निघाली आणि म्हातारचळ पण, यावर मी काही टिप्पणी करणार नाही :) रोमन परंपरेत सैन्यासाठी पुरुषांचे दोन गट पाडत, ज्युनियर आणि सीनियर. पंचेचाळिशी संपली की माणूस सीनियर. त्यानं मग लांब लढाईला जायचं नाही, शहर राखायचं.

आपल्याकडे याचा भाऊबंद आहे. संस्कृतात 'सन' म्हणजे जुना. 'सनातन' त्यातलाच, म्हणजे फार पूर्वीपासूनचा. भाषाशास्त्रज्ञ हा सन आणि तो सेनेक्स एकाच घरातले मानतात.

पुढे युरोपात 'सीनियर'ची चांगलीच बढती झाली. जो वयानं मोठा तो मानानं मोठा, जो मानानं मोठा तो मालक. फ्रेंचमध्ये त्याचं सेन्यर झालं, म्हणजे जमीनदार. स्पॅनिशमध्ये सेन्योर, पोर्तुगीजमध्ये सिन्योर (गोव्यातल्या लोकांना हे सांगायला नको). फ्रेंच मस्यू म्हणजे 'माझे सीनियर'. आणि झिजत झिजत इंग्रजीत उरलं ते 'सर'. म्हणजे आपण शाळेत "सर, बाथरूमला जाऊ?" असं विचारत होतो तेव्हा मुळात "म्हातारेबुवा, जाऊ का?" असंच विचारत होतो. ऑफिसमध्ये सर म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची असा नियम असतो. त्यामागे मोठी लोकशाही असेल असं मला वाटायचं. आता वाटतं, कोणालाच म्हातारा म्हणवून घ्यायचं नसेल.

मराठीत 'सीनियर' आला तो इंग्रजांबरोबर, आणि संस्थानांच्या नावातही जाऊन बसला. देवासचे पवार घ्या. तुकोजी आणि जिवाजी या भावांनी १७२८ मध्ये माळव्यात बस्तान बसवलं, आणि पुढे देवास गावातच दोन गाद्या झाल्या. मराठीत थोरली पाती आणि धाकटी पाती, इंग्रजांच्या दफ्तरात देवास सीनियर आणि देवास ज्युनियर. ई. एम. फॉर्स्टर नावाचा प्रसिद्ध इंग्रज लेखक १९२१ मध्ये देवास सीनियरच्या महाराजांचा सेक्रेटरी म्हणून राहिला होता. पटवर्धनांच्या मिरजेचंही तेच, मिरज सीनियर आणि मिरज ज्युनियर. कुरुंदवाडचंही तेच. राजा तरुण असो की म्हातारा, गादी सीनियर ती सीनियरच.

पण 'सीनियर' यायच्या आधी हे काम आपल्याकडे होत नव्हतं असं थोडंच आहे. गाडीतून जाताना पाट्या बघा. अमुक बुद्रुक, तमुक खुर्द. फारसीत बुजुर्ग म्हणजे मोठा, वयानंही आणि मानानंही. त्याचं मराठी तोंडात बुद्रुक झालं. खुर्द म्हणजे लहान. थोडक्यात बुद्रुक म्हणजे गाव सीनियर, खुर्द म्हणजे गाव ज्युनियर. आमचं गाव खुर्द आहे आणि आज्जीचं माहेर बुद्रुक. हे ती आजोबांना आयुष्यभर ऐकवत आली.

आणि वडीलकी. जुन्या वतनाच्या भांडणांचे कागद वाचले तर पाटलांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेला एक वाद सतत भेटतो, वडील शाखा कोणती आणि धाकटी कोणती. कारण कागदावर पहिली निशाणी कोणाची, पोळ्याला पुढचा बैल कोणाचा, आधी विडा कोणाला, हे सगळं त्यावर ठरायचं. त्याच्या निवाड्याला गोत बसायचं आणि साक्षीला गावातली जुनी माणसं बोलावली जायची. कारण 'पूर्वापार काय चालत आलंय' हे ज्याला आठवतं तोच पुरावा. माणूस म्हणजेच रेकॉर्ड.

इथे मला सगळ्यात भारी गोष्ट सापडली ती 'म्हातारा' या शब्दाची. मला वाटायचं हा शब्द अगदी घरगुती, जरा हिणकसच. तर हा आलाय संस्कृत 'महत्तर' वरून. महत् म्हणजे मोठा, महत्तर म्हणजे अधिक मोठा. हे पण तुलनेचं रूप, अगदी 'सीनियर' सारखं! आणि महत्तर ही पदवी होती. राष्ट्रकूट राजांचे ताम्रपट बघा. (राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. ही लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. आणि नांदेड जिल्ह्यातलं कंधार हेही त्यांचंच मोठं ठाणं.) ताम्रपटात राजा जमीन दान देताना आधी कोणाकोणाला हा हुकूम कळवतोय त्याची यादी असते. राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट... आणि शेवटी महत्तर. राष्ट्रपती तेव्हा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यासारखा होता. महत्तर म्हणजे गावातली जाणती वडीलधारी मंडळी. जमीन कोणाची, शीव कुठून जाते, हे उद्या कोणी विचारलं तर सांगायला ही माणसं लागणार, म्हणून राजा त्यांना कळवून ठेवतो.

लॅटिनमध्येही असाच एक शब्द आहे, 'मोठा' चं 'अधिक मोठा'. त्यातून इंग्रजीत मेजर झाला आणि मेयर झाला. म्हणजे मेयर हा नात्यानं आपल्या म्हाताऱ्याचा चुलतभाऊच. एक महापौर झाला, दुसरा ओसरीवर खोकत बसला. 'सीनियर' चा सर झाला, 'महत्तर' चा म्हातारा झाला. अर्थ दोघांचा एकच होता. एक शब्द वर गेला, एक खाली आला.

मग 'सीनियर' आकड्यात कधी अडकला? तर माणसांना पेन्शन द्यायची वेळ आली तेव्हा. तोपर्यंत म्हातारा कोण हे बघून कळायचं. सरकारला बघून चालत नाही, यादी करावी लागते. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ मध्ये वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला, वय ठेवलं ७०. १९१६ मध्ये ते ६५ केलं. अमेरिकेनं १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात ६५ च घेतलं. आणि १९३८ मध्ये अमेरिकेतच, कॅलिफोर्नियातल्या निवडणुकीत म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा मुद्दा तापलेला असताना, 'सीनियर सिटिझन' हा शब्दप्रयोग छापील वापरात दिसतो. 'म्हातारे मतदार' असं कोण म्हणणार?

आपण त्याचं 'ज्येष्ठ नागरिक' केलं. हे भाषांतर एक पायरी वर गेलं बरं का. सीनियर म्हणजे 'अधिक मोठा', ज्येष्ठ म्हणजे 'सगळ्यात मोठा'. पण मोठा म्हणजे किती, यावर सरकारी खात्यांचंही एकमत नाही. इन्कम टॅक्समध्ये २०११ पर्यंत ६५, तेव्हापासून ६०, आणि ८० च्या पुढे सुपर सीनियर. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात ६०. महाराष्ट्राच्या धोरणात आधी ६५ होतं, ते २०१८ मध्ये ६० केलं. एसटीच्या हाफ तिकिटाला ६५, फुल फुकटाला ७५. श्रावणबाळ पेन्शनला ६५. रेल्वेत पुरुषांना ६० आणि बायकांना ५८ होतं, ती सवलत मार्च २०२० मध्ये बंदच झाली. आणि सेवाज्येष्ठता, सीनियर कॉलेज, हॉस्टेलमधले सीनियर्स वगैरे वेगळेच. सीनियर कॉलेजात जायला १८ पुरतात.

प्रत्येक आकड्यामागे एक गृहीतक आहे. माणसाला आपला जन्मदिवस माहीत आहे, आणि त्याच्याकडे त्याचा कागद आहे.

आता परत आमच्या बगकडे. आज्जी जिथे जन्मली तो उदगीर तालुका तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला, राज्य मुंबई. १९६० मध्ये राज्य महाराष्ट्र. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. आज्जी माहेर आणि सासर सोडून कुठे गेली नाही, पण दोन राजवटी, तीन राज्यं आणि तीन जिल्हे फिरून आली. निजामाचं दफ्तर उर्दूत, सन फसली. त्याला ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. अशा दफ्तरात एका शेतकऱ्याच्या मुलीच्या जन्माची नोंद शोधायची म्हणजे... असो. ती शाळेत गेली नाही, म्हणून दाखला नाही. जे शाळेत गेले त्यांची तरी कुठे धड आहे? मराठवाड्यात एका पिढीचे वाढदिवस १ जूनला असतात. मुलाला शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान लागला की वय झालं. मग १ जून टाकायचा. माझे मोठे काका १ जून, बाबा १ जून, बाबांचे निम्मे मित्र १ जून. फेसबुक त्या दिवशी दमतं.

आज्जीचा १ जानेवारी कुठून आला ते मी शोधून काढलं. आधारच्या वेळी ऑपरेटरनं तिचं जुनं मतदान कार्ड बघितलं. शेषन यांच्या काळात जी पहिली फोटोची कार्डं निघाली, त्यांच्यावर जन्मतारीख नसायची. १/१/१९९५ रोजीचं वय असायचं. आज्जीच्या कार्डावर लिहिलंय ४५. ऑपरेटरनं वजाबाकी केली. १९९५ वजा ४५. झाली १ जानेवारी १९५०. ज्यांना तारीख सांगता येत नाही अशांचं आधारमध्ये वर्ष काढून १ जानेवारी टाकतात. सॉफ्टवेअरवाल्यांना यात काही नवल नाही. आमचं युनिक्सचं घड्याळ पण १ जानेवारी १९७० ला सुरू होतं. तारखेचा रकाना रिकामा राहिला की सगळे त्या दिवशी जन्मतात. रकाना रिकामा ठेवायची सोय न ठेवणारा मीच कोणीतरी असतो.

पण ४५ कुठून आले? आज्जी म्हणते, "तुझ्या आजोबानं सांगितलं. पदर व्हता माझा डोस्क्यावर. मला कोन इचारलं?" आजोबांनी अंदाजे सांगितलं. आणि अंदाजे वय नेहमी पाच किंवा शून्यावर संपतं. जनगणनेच्या अभ्यासकांना हे चांगलं माहीत आहे. भारतात जुन्या जनगणनांमध्ये ४०, ४५, ५० वयाची माणसं खंडीभर आणि ४१, ४४, ४७ ची जवळपास गायब. हे किती होतंय ते मोजायला व्हिपलचा निर्देशांक म्हणून एक माप आहे. सगळं ठीक असेल तर १०० आणि सगळ्यांनीच पाच-शून्यावर वय सांगितलं तर ५००. म्हणजे आमचे आजोबा एकटे नव्हते.

मग मी आज्जीला समोर बसवून उलटा हिशोब केला. एक, पोलीस ॲक्शनला कडेवर भाऊ. दीड-दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन पळायचं म्हणजे मुलगी किमान सहा-सात वर्षांची हवी. दोन, मोठे काका १९६१ चे. आज्जीचा कागद खरा मानला तर आई-मुलात ११ वर्षांचं अंतर! काकांचा १ जून खोटा असला तरी साल एखाद-दुसऱ्या वर्षानंच हलेल. तीन, काकांच्या आधी तिचं एक मूल गेलेलं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नाव ठेवायच्या आधीच गेलं, म्हणाली. मी वहीत काही लिहिलं नाही. चार, बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची तेव्हा बाबा दोन वर्षांचे होते आणि गँगमध्ये तिला सगळ्या जणी 'अक्का' म्हणायच्या, म्हणजे ती तिथे सीनियर होती.

सगळं जुळवून साल येतं १९४१-४२. म्हणजे कागद आणि आज्जी यांच्यात आठ वर्षांचा फरक. कंडक्टरनं बहात्तर म्हटलं तेव्हा ती ८० ची होती. सुपर सीनियर.

आठ वर्षांनी काय फरक पडतो, असं वाटेल. आमच्या घरी खरंच फार पडला नाही. अर्ध्या तिकिटाचे पैसे आणि आज्जीचा अपमान, एवढाच. पण आमच्या गल्लीत एक दुसरी आजी होती. आज्जीच्याच बरोबरीची, दोघी एका सालात नांदायला आल्या. जमीन नाही, मूलबाळ नाही, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. तिच्या कागदावर पण असंच अंदाजे वय. श्रावणबाळ पेन्शनला ६५ पाहिजेत, तिचे भरेनात. ज्या ऑफिसात ती गेली तिथे तिला "अजून चार वर्षांनी या" असं सांगितलं. कमरेत वाकलेली बाई, तिला चार वर्षांनी या! पेन्शन सुरू झाली, आणि दीड वर्षात ती गेली. तिची मधली वर्षं खुरपण्यात गेली. तिथे कोणाची बदमाशी नव्हती. एका कार्यकर्त्यानं एका दुपारी एक आकडा लिहिला होता, एवढंच.

२०११ च्या जनगणनेत देशात ६० च्या पुढचे साधारण १०.४ कोटी लोक होते. यातल्या किती जणांचं वय कोणीतरी तोंडाकडे बघून लिहिलेलं असेल?

मी आज्जीचं वय दुरुस्त करायचं ठरवलं. त्यासाठी जन्म दाखला किंवा शाळेचा दाखला किंवा तत्सम काही हवं. तेच तर नाही. हाडांच्या एक्स-रे वरून वय सांगतात, पण ते विशी-पंचविशीपर्यंत बऱ्यापैकी चालतं, ऐंशीला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की आधार हा वयाचा पुरावा नाही, शाळेचा दाखला जास्त ग्राह्य. वाचून हसावं का रडावं कळेना. आणि समजा आधार बदललं तर बँक वेगळी, रेशन वेगळं, मतदान कार्ड वेगळं. एक बग सुधारायचा आणि चार नवे घालायचे. हे काम मी ऑफिसात रोज करतो.

आज्जीला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "र्‍हाऊ दे बाबा. कागदावर धाकली हाय तर धाकलीच बरी."

मग म्हणाली, "पन तू ते लिवून घे."

"काय?"

"ते फडातलं. अन् नंतरचं."

नंतरचं म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. शंभर वेळा ऐकलेली गोष्ट फडापाशी संपायची. त्या दिवशी ती पुढे गेली. सैन्य आलं, रजाकार पळाले, गावात गुलाल उडाला. आणि मग चार दिवसांनी शेजारच्या घरातली खालाजान आपल्या दोन लेकींना घेऊन रात्री आज्जीच्या आईकडे आली. आता लपायची पाळी त्यांची होती. आज्जीच्या आईनं त्यांना धान्याच्या खोलीत ठेवलं. ज्या पोरी चार दिवसांपूर्वी फडात होत्या, त्याच आता दाराशी बसून राहिल्या, कोणी आलं तर सांगायला. "आमाला दोन्ही बारी गप बसाया लावलं," म्हणाली. खालाजानचा नवरा परत आला नाही. ते घर पुढे रिकामंच होतं.

पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमानांवर काय झालं, त्याच्या चौकशीला केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावं दिली आहेत. तो अहवाल कितीतरी दशकं लोकांसमोर आला नाही. १७ सप्टेंबरला आम्ही शाळेत दरवर्षी झेंडावंदन केलं, मुक्तिसंग्रामावर भाषणं केली, मी तर बक्षीस पण मिळवलंय. रजाकारांचे अत्याचार खरे होते, लढा खरा होता, स्वामी रामानंद तीर्थ खरे होते. आणि धान्याची खोलीही खरी होती. ती फक्त माझ्या भाषणात नव्हती. आज्जीला कोणी विचारलंच नव्हतं, आणि ती पण बोलली नव्हती. इतकी वर्षं का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "तवा ल्हान व्हते. मोठी मानसं गप बसली, मी पन बसले. आता मोठं कोन ऱ्हायलंय?"

म्हणजे आता गावात तिच्यापेक्षा सीनियर कोणी नाही. परवानगी कोणाची घ्यायची?

मोबाईल समोर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. दीड तास झाला. मध्ये दोनदा चहा, एकदा लाईट गेली. फाइलला नाव द्यायच्या वेळी तारीख टाकली, तिचं नाव टाकलं आणि जन्मसालाच्या जागी '१९४१ किंवा ४२' असं लिहिलं. आमच्या ऑफिसात असा डेटा कोणी स्वीकारणार नाही. माझ्या फोल्डरमध्ये चालतो.

१ जानेवारी २०२५ ला आज्जी सरकारदरबारी ७५ ची झाली. त्याच आठवड्यात पिशवी घेऊन माहेरी गेली, शून्य रुपयांचं तिकीट घेऊन. ते तिकीट तिनं मला दाखवायला जपून ठेवलं होतं. मी माझं व्हिजिटिंग कार्ड दाखवलं. तिनं दोन्ही हातात धरून बघितलं, आणि तिकीट परत मागून घेतलं.

तुमच्या घरी कोणाचा वाढदिवस १ जूनला किंवा १ जानेवारीला येत असेल तर एकदा विचारून बघा, खरा कधी. तारीख कळणार नाहीच बहुतेक. पण त्या साली काय चाललं होतं ते विचारा, आणि मधेच उठू नका.